पायाळू

"पाय उलटे पडतायत तुझे," थापलियाल म्हणाला.

"माहितेय मला."

"माहीत असून पडतायत?"

"माहीत असून पडतायत. तू टोपी हलव."

म्हैसूरच्या मेसमागच्या हिरवळीवर मी एका वेताच्या खुर्चीत बसलो होतो. पायांखाली फळी होती आणि फळीच्या मधोमध खाली वीट. डावं टोक दाबलं की डावं पेडल, उजवं दाबलं की उजवं, असं आम्ही ठरवून घेतलं होतं. समोर कॅप्टन थापलियाल स्वतःची टोपी हातात धरून उभा होता. त्याने टोपी उजवीकडे नेली की मी डावं टोक दाबून तिला परत मध्ये आणायची. तो टोपी हलवायचा आणि माझा नको तोच पाय खाली जायचा. थापलियाल गढवालचा, पायदळातला. आदल्याच दिवशी स्टेशनवर ओळख झाली होती आणि आता तो माझ्या पायांचा मास्तर होऊन बसला होता. आमचं बोलणं अर्थातच हिंदीत चाललेलं. इथे मी ते माझ्या भाषेत सांगतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची परीक्षा होती. मी तोफखान्यातला कॅप्टन. लष्कराच्या हेलिकॉप्टर शाखेत जायचं, तर माणसात वैमानिक होण्याचा कल आहे की नाही हे आधी तपासतात. त्यात पास झालात तर वैद्यकीय तपासणी आणि मग प्रशिक्षण. या तपासणीचा एक नियम आहे. तो स्क्वाड्रन लीडर कुरुविला नावाच्या परीक्षकांनी परीक्षेच्या आदल्या सकाळीच आम्हाला ऐकवला होता.

"ही परीक्षा माणसाला आयुष्यात एकदाच देता येते," ते म्हणाले. "एकदा म्हणजे एकदाच. ताप होता, झोप झाली नाही, बायको भांडून माहेरी गेली, काही चालत नाही. नापास झालात तर चांगले सैनिक म्हणून आपापल्या पलटणीत परत जा. हेलिकॉप्टरमध्ये नंतरही बसाल, पण सामानाबरोबर."

कोणी हसलं नाही.

मग त्यांनी यंत्र दाखवलं. एक खुर्ची, समोर काचेचा पडदा आणि पडद्यावर हिरवा ठिपका. उजव्या हाताला दांडा, पायांशी दोन पेडलं. ठिपका आपला आपण पळत असतो. वरखाली गेला तर दांड्याने आवरायचा, डावीउजवीकडे गेला तर पायांनी. डावं पेडल दाबलं की तो डावीकडे येतो, उजवं दाबलं की उजवीकडे. एवढ्यावर भागत नाही म्हणून डाव्या हाताशी तांबडे दिवे लागतात, ते विझवायचे. मधूनच भोंगा वाजतो, तोही बंद करायचा. हे सगळं एकाच वेळी. हात बसावा म्हणून प्रत्येकाला थोडा सराव दिला होता, आणि त्याचे गुण धरणार नव्हते.

इतरांचे ठिपके थोडे डगमगले आणि ताब्यात आले. माझा ठिपका उजवीकडे निघाला, मी त्याला डावीकडे आणायला गेलो आणि तो थेट उजव्या कडेला जाऊन चिकटला. मी आणखी जोर लावला. तो हलेना. कुरुविलांनी एक भुवई तेवढी उचलली.

"उद्या सकाळी भेटू, कॅप्टन काटकर," एवढंच ते म्हणाले.

म्हणून ही फळी आणि ही वीट.

"हे तुझ्या पायांना शिकवलं कोणी?" थापलियालने टोपी डोक्यावर ठेवत विचारलं.

"पन्हाळ्याने."

"तो कोण?"

"कोण नाही, गड आहे. माझं गाव."

आमचा पन्हाळा नुसता बघायचा किल्ला नाही. गडावर घरं आहेत, शाळा आहे, बाजार भरतो. वडील तिथल्या विश्रामगृहात आचारी होते. मामा कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर कामाला होता, तो येताना टाकून दिलेली बेरिंगं घेऊन यायचा. एक लांब फळी, मागे पक्का ठोकलेला आस, पुढे बोल्टवर फिरणारा आस आणि आसांच्या टोकांना बेरिंगं. झाली गाडी. पुढे बसणाऱ्याने दोन्ही पाय पुढच्या आसावर ठेवायचे आणि पायांनीच आस फिरवायचा. डावीकडे वळायचं तर उजवा पाय पुढे रेटायचा, उजवीकडे वळायचं तर डावा. चार दरवाज्यापासून बुधवार पेठेपर्यंत उतार आहे, त्यावरून आम्ही असे खडखडत जायचो की तटावरची माकडं पळून जायची. मी पुढे आणि माझी थोरली बहीण, आक्का, मागे. वजन मागे लागतं म्हणून ती मागे. शर्यतीत आम्हाला कोणी हरवल्याचं मला आठवत नाही.

"म्हणजे तू लहानपणी गाडी फार चांगली चालवायचास," थापलियाल म्हणाला, "आणि म्हणून उद्या नापास होणार."

"नापास होणार नाही."

"मला काय सांगतोस? पायांना सांग."

पायांना सांगूनच मी दमलो होतो. सावकाश चालू असलं की सगळं ठीक जमायचं. डावं म्हणजे डावं, असं मनात घोकत मी टोपी बरोबर मध्ये आणायचो. पण थापलियालने मध्येच टाळी वाजवली, "दिवा!" म्हणून ओरडला, की डोकं तिकडे धावायचं आणि पाय आपल्या गावाला जायचे. मी बुटांवर खडूने खुणा केल्या. स्वतःला शिव्या दिल्या. मग शहाणपणा केला आणि मुद्दाम मनात उलटं धरायला लागलो, तर उलट्याचं उलटं होऊन काही कळेनासंच झालं.

नापास होणं मला जमणार नव्हतं. त्याचं कारण सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी मी बर्फातल्या एका चौकीवर तोफखान्याचा निरीक्षक होतो. माझा रेडिओ ऑपरेटर नायक शिंगारे, कागलकडचा, सारखी गाणी म्हणणारा माणूस. एका दुपारी त्याच्या छातीत पाणी साठायला लागलं. त्या उंचीवर असं होतं. माणसाला लगेच खाली नेलं तर तो वाचतो, नाही नेलं तर नाही वाचत. ढग इतके खाली आले होते की आमच्याच चौकीचा झेंडा दिसत नव्हता. रेडिओवर मीच हाका मारत होतो, कारण एरवी हाका मारणारा माणूस माझ्या मांडीवर डोकं टेकून पडला होता.

मग ढग थोडे फाटले आणि त्यातून हेलिकॉप्टर आलं. उतरायला जागा नव्हती. त्या वैमानिकाने हेलिकॉप्टरचा एक पाय तेवढा बर्फाच्या कडेला टेकवला आणि बाकी सगळं यंत्र हवेत तसंच धरून ठेवलं. आम्ही शिंगारेला आत ढकललं. काचेतून त्या माणसाने माझ्याकडे बघून अंगठा वर केला आणि तो निघून गेला. शिंगारे वाचला. अजून दसऱ्याला त्याचा फोन येतो. पण त्या दिवसापासून मला तोफेत गोडी वाटेनाशी झाली. मला तो अंगठा दाखवणारा माणूस व्हायचं होतं, दुसरं काहीही नको होतं. माझ्या अर्जावर सही करताना आमचे कर्नलसाहेब म्हणाले होते, "काटकर, परत आलास तर तोफा आहेतच. पण येऊ नकोस."

चहानंतर मी फाटकाजवळच्या एसटीडी बूथवर गेलो. आक्काला फोन करायचाच होता. ती लग्न होऊन कोडोलीला गेली होती. दाजींची पिठाची गिरणी होती आणि फोन गिरणीतच होता, त्यामुळे तिच्याशी बोलायचं म्हणजे आधी गिरणीशी बोलावं लागायचं.

"ह्यालो! कोन? मोठ्यानं बोला!"

"आक्का, मी सर्जा!"

"आवो, पट्टा बंद करा जरा! सर्ज्याचा फोन हाय!" घरघर हळूहळू थांबली. "हां, बोल. झाली परीक्षा?"

"उद्या हाय."

"मग आज कशाला फोन? घाबरलास व्हय?"

"घाबरलो न्हाई. पाय उलटं पडाय लागल्यात."

"आँ?"

मी तिला यंत्र सांगितलं, ठिपका सांगितला, पेडलं सांगितली. मधल्या दिव्याभोंग्यापर्यंत पोचलो तेव्हा ती हसत होती.

"हसू नगं, आक्का."

"हसू नगं तर काय करू? जन्माला येतानाच पायाकडनं आलास तू. पायाळू हाईस. कुणाला उसण भरली की सारी पेठ तुझी लाथ खायला आपल्या दारात उभी. आता सरकारी यंत्राला लाथ घातलीस, दुसरं काय?"

"मस्करी न्हाई गं. जल्मात एकदाच देता येती ही परीक्षा. उद्या गेली की कायमची गेली."

तिचं हसणं थांबलं. दाजी कोणाला तरी जोंधळ्याचं पोतं बाजूला घ्यायला सांगत होते, ते मला इकडे ऐकू आलं.

"एवढी गाडी मारायचास तू," ती जरा हळू म्हणाली, "तवा न्हाई कधी घाबरलास."

"त्या गाडीनंच घात केलाय. इतकी वर्सं मी ती पायानं उलटी वळवली."

"कुणी वळवली?"

"मी."

"तू?" गिरणी बंद होती तरी ती ओरडली. "तू फुडं बसून नुस्ता बोंबलायचास! गाडी माझ्या चपलंनं वळायची. टाकीजवळच्या वळणाला तू आस किती बी फिरीव, बेरिंगं घसरत सरळ जायची, दरीकडं. मी मागनं डावी चप्पल रस्त्याला घासायची, तवा कुठं गाडीचं तोंड फिरायचं. मार कुणी खाल्ला आईचा? डावी चप्पल झिजून पापड झाल्याली आनि उजवी कोरी करकरीत. 'लंगडी हाईस काय गं?' म्हणून बडवायची मला."

मी माझ्या डाव्या बुटावरच्या खडूच्या खुणेकडे बघत राहिलो.

"सर्ज्या? हाईस न्हवं?"

"आक्का, डावीकडं वळताना डावी चप्पल?"

"मग काय उजवी घासून डावीकडं जाशील? ज्या अंगाला जायाचं त्या अंगाचा पाय. ह्यात इचारायसारखं काय हाय?"

"काय न्हाई."

"मग ठेव आता. गिऱ्हाईक खोळंबलंय. आनि उद्या झालं की पयला फोन मला कर, आईला मी सांगते."

पलीकडे पट्टा सुरू झाला आणि गिरणीने आमचं बोलणं संपवलं.

मी हिरवळीवर परत आलो. थापलियाल फळीवर उभा राहून तोल सांभाळत होता.

"चल, बस," तो म्हणाला.

"आज फळी नको. जरा नुसतं बसू दे."

मी खुर्चीत बसलो आणि डोळे मिटले. चार दरवाज्यापासून गाडी सोडली. पण या वेळी मी पुढे नव्हतो. मी मागे बसलो होतो आणि पुढे एक बारकं, काटकुळं पोर आसावर पाय देऊन बोंबलत होतं, त्याची पाठ मला दिसत होती. त्याचे पाय काय करतायत हे माझ्या कामाचं नव्हतं. पहिलं वळण आलं. उजवीकडे जायचं, उजवी टाच रस्त्याला लावली. रबर घासल्याचा वास आला, खरंच आला. दुसरं वळण. डावी. टाकीजवळचं वळण आलं तेव्हा मी डावी टाच अशी दाबली की बुटाखालची माती निघाली.

"देवाचं नाव घेतोयस का?" थापलियालने विचारलं.

"नाही. बहिणीची चप्पल घालून बघतोय."

त्याने वाकून माझ्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "काटकर, तू आज लवकर झोप."

मी मात्र त्याला सोडलं नाही. त्याला टोपी हलवायला लावली, टाळ्या वाजवायला लावल्या, "दिवा, दिवा" करून ओरडायला लावलं. दहातले आठ पाय सुलटे पडायला लागले. उरलेले दोन उद्या कुठे गाठतात ते बघायचं होतं. अंधार पडून टोपी दिसेनाशी झाली तेव्हा थांबलो.

सकाळी कुरुविलांच्या खोलीत माझं नाव पुकारलं. आत खुर्ची, पडदा, दांडा, आणि माझ्याकडे न बघता कागद लावत बसलेले कुरुविला. मी बसलो आणि खुर्ची मागे ढकलली, पाय जेमतेम पुरतील इतकी मागे.

"पुढे घ्या हवी तर," ते म्हणाले. "सगळे पुढे घेतात."

"नको सर. मागेच बरं आहे."

त्यांनी खांदे उडवले आणि बटण दाबलं.

ठिपका निघाला, उजवीकडे. मी डावी टाच लावली. तो थबकला आणि परत फिरला. वर गेला, दांड्याने खाली आणला. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावी टाच. पहिला तांबडा दिवा लागला, विझवला. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता, आणि तीच चूक झाली. भोंगा वाजला, त्याच वेळी दोन दिवे लागले, ठिपका डावीकडे सुटला, आणि मी मनातल्या गाडीवर एका उडीत पुढच्या टोकाला जाऊन बसलो. उजवीकडे आणायचं म्हणून डावा पाय रेटला. ठिपका डाव्या कडेकडे धावत सुटला.

मला ते स्वच्छ दिसत होतं. टाकीजवळचं वळण, पुढे दगडी कठडा आणि त्याच्यापलीकडे काही नाही. आयुष्यात एकदाच. बोंबलणारं पोर आस फिरवतंय आणि बेरिंगं सरळ घसरत चाललीत. शिंगारेचं डोकं माझ्या मांडीवर आहे आणि मी इथे खालून वर बघतोय, जन्मभर.

"ज्या अंगाला जायाचं त्या अंगाचा पाय," मी मोठ्याने म्हणालो. कुरुविलांनी मान वर केली. मी पाठ खुर्चीला टेकवली, पुढच्या पोराला त्याच्या बोंबलण्यावर सोडून दिलं आणि उजवी टाच खाली दाबली. ठिपका कडेला लागता लागता थांबला. मग उजवीकडे यायला लागला. मी भोंगा बंद केला, एक दिवा विझवला, दुसरा विझवला. ठिपका मध्ये आला आणि मी त्याला तिथे धरून ठेवलं. त्यानंतर भोंगे वाजले, दिवे लागले, ठिपका वेड्यासारखा पळाला, पण मी काही पुढे बसायला गेलो नाही. पडदा काळा झाला तेव्हा माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते.

"तुम्ही काय म्हणालात मघाशी?" कुरुविलांनी विचारलं.

"मराठी आहे सर. रस्त्याचा नियम आहे आमच्याकडचा."

निकाल दुपारी लागला. एकेकाला आत बोलावून सांगत होते. मी आत गेलो, कुरुविला उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला, तेव्हाच मला कळलं. त्यांनी काय सांगितलं ते मला नीट ऐकूच आलं नाही. "जा आता, डॉक्टरांना पाय मोजू द्या," एवढं शेवटचं वाक्य लक्षात आहे.

थापलियाल व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. त्याने टोपी मांडीवर ठेवली होती. तो माझ्याआधी आत जाऊन आला होता.

"झालं तुझं?" त्याने विचारलं.

"झालं. तुझं?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मी त्याच्या शेजारी बसलो. ज्याचे पाय पहिल्यापासून सरळ होते तो परत पलटणीत चालला होता.

"तुझे सुलटे करता करता," तो म्हणाला, "माझे उलटे झाले." आणि तो हसला, अगदी मनापासून हसला. मी हसलो नाही. तो थट्टा करत होता की खरं सांगत होता, हे मी त्याला तेव्हा विचारू शकलो नाही आणि नंतरही नाही. उठताना त्याने माझ्या डाव्या बुटावर हलकेच बूट आपटला. "माझ्या चौकीवर यायची वेळ आली तर याच पायांनी ये," तो म्हणाला. पुढे काही वर्षांनी मी खरोखरच त्याच्या चौकीवर गेलो, पण ती गोष्ट वेगळी आहे.

बूथवरून फोन लावला. गिरणी चालू होती.

"आक्का! झालं!"

"काय?"

"झालं! पास!"

"आवो, बंद करा तो पट्टा!" मग शांत झाल्यावर, "आता सांग. कसा काय झालास? पाय?"

"मागं बसलो."

तिला ते कळलं नाही. मलाही फोनवर समजावता येईना. "घरी आलो की सांगतो," म्हणालो आणि ठेवला. पण घरी गेलो तेव्हा पेढे होते, पाहुणे होते, आईचं रडणं होतं. सांगायचं राहून गेलं.

डॉक्टरांनी पाय मोजले, डोळे बघितले, हृदय ऐकलं आणि मला नाशिकला पाठवलं. तिथे पहिल्याच आठवड्यात आमच्या प्रशिक्षकांनी हेलिकॉप्टरच्या मागच्या बाजूला नेऊन शेपटीवरचा छोटा पंखा दाखवला. "तुम्हाला वाटेल, पुढे बसलोय म्हणजे पुढून वळवतोय," ते म्हणाले. "पेडल इथे येऊन पोचतं. तोंड फिरवायचं काम ही शेपटी करते. हिला विसरलात तर ती तुम्हाला गरगरा फिरवील." बाकीचे वही काढून लिहून घेत होते. मी त्या पंख्याकडे बघत उभा राहिलो आणि मला एकट्यालाच हसू फुटलं. प्रशिक्षकांनी कारण विचारलं, तेव्हा खोकला आल्याचं सांगितलं. जमिनीपासून थोडं वर, एका जागी हेलिकॉप्टर धरायला शिकताना पहिले कित्येक दिवस सगळ्यांचे पाय नाचत होते. माझेही नाचले, पण उलटे नाही.

छातीवर वैमानिकाचे पंख लागले त्या दिवशी आई, दाजी आणि आक्का नाशिकला आले. समारंभ झाला, चहा झाला, आणि नातेवाइकांना हेलिकॉप्टर बघायला सोडलं. जो तो पुढच्या बाजूला गर्दी करत होता. दाजी वैमानिकाच्या जागेत डोकावून आले, आईने काचेला हात लावून नमस्कार केला. आक्का कुठे दिसेना. बघतो तर ती एकटीच चालत शेपटीपाशी गेली होती आणि पंख्याकडे निरखून बघत होती.

"हे बारकं काय?" मी जवळ गेल्यावर तिने विचारलं.

"ह्यानं वळतं."

"मागनं?"

"मागनं. डावीकडं जायाचं तर डावा पाय दाबायचा. त्या दिवशी म्हैसूरला तुझ्या जागी बसलो, आक्का. फुडं बसलो असतो तर नापासच हुतो."

आक्काने पंख्याकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं, मग छातीवरच्या पंखांकडे. तिचे डोळे भरले, पण ती काही रडणारी बाई नव्हे. तिने पदराने नाक पुसलं.

"मग लहानपनापास्नं काय सांगत हुतास रं गावाला," ती म्हणाली, "गाडी मी चालवतो, गाडी मी चालवतो म्हणून?"

फोटोवाला सगळ्यांना पुढच्या बाजूला बोलावत होता. आक्का हलली नाही. तिने माझा हात धरला, मला ओढून आपल्या पाठीमागे उभं केलं आणि फोटोवाल्याला तिकडूनच हाक मारली. तो फोटो अजून माझ्या भिंतीवर आहे. त्यात शेपटी पूर्ण आली आहे, आक्का पूर्ण आली आहे, आणि तिच्या खांद्यामागून मी तेवढा अर्धा दिसतो.